‘ळ’ कोण खाऊन राहिलं?

दीपाली सोमकुंवर कोणावर लवकर विश्वास ठेवत नाही, हे सौंसरच्या आमच्या वाचनालयात सगळ्यांना ठाऊक आहे. कॅनमधलं पाणी पिण्याआधी ती ग्लास उजेडात धरून बघते. कुलूप लावलं की दोनदा ओढते, चार पावलं जाते, परत येते आणि तिसऱ्यांदा ओढते. कोणी तिला विनाकारण चांगलं म्हटलं, तर दिवसभर त्यामागचं कारण शोधत राहते.

ती लोधीखेड्याची. तिचे वडील मोतीराम तिथे नळाचे व्हॉल्व्ह सोडण्याच्या कामावर होते. एकदा एका मोहल्ल्यात लागोपाठ जास्त पाणी गेलं आणि आळ त्यांच्यावर आला. चावीची नक्कल दुसऱ्याच कोणाकडे होती, हे उघड व्हायला आठ महिने लागले. दीपाली तेव्हा दहावीत होती. त्या आठ महिन्यांत गल्लीतल्या कोणकोणत्या बायांनी आईशी बोलणं सोडलं, त्यांची नावं ती आजही ओळीनं सांगते.

मी सुचिता. इथल्या एका शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालयात छापील मजकूर तपासायला बसते. आमच्याकडे ‘कन्हानकाठ’ नावाच्या एका जुन्या मराठी साप्ताहिकाचे पंचवीसेक वर्षांचे अंक आहेत. कागद इतका जुना, की पान उलटलं तर कोपरा बोटाला चिकटून येतो. म्हणून दोन वर्षांपासून दीपाली एकेक पान स्कॅन करते आणि कॉम्प्युटर त्या फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर तयार करतो. मग कोणीही येऊन आपल्या आजोबाचं नाव टाकावं, की ते कोणत्या अंकात, कोणत्या पानावर आलं ते सापडतं. शंकरपटाच्या शर्यतीत कोणाची बैलजोडी जिंकली, चौथीत कोण पहिला आला, कोण वारलं, सगळं त्या साप्ताहिकात छापलेलं आहे.

हे सगळं बसवून दिलं आशिषनं. तो इथलाच, आता नागपुरात नोकरीला. कॉम्प्युटर दान आलेला, जुना. त्याच्यावर त्यानं लिनक्स टाकलं. अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम आयता मिळत होता, पण त्याला ‘कन्हानकाठ’ची झिजलेल्या खिळ्यांनी छापलेली अक्षरं वाचता येईनात. मग आशिषनं त्या प्रोग्रॅमचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, उतरवून घेतला. आमच्याच मशीनवर तो बांधला आणि त्याला या साप्ताहिकाची अक्षरं शिकवली. दीपालीनं सकाळपासून स्कॅन केलेली पानं रोज दुपारी दोन वाजता मशीन आपोआप उचलायचं आणि त्यांचा मजकूर करून ठेवायचं. ते चाललं की मशीन जड व्हायचं, म्हणून दीपाली त्याच वेळी मागच्या व्हरांड्यात डबा खायला जायची.

ऑक्टोबरात एक दिवस वच्छलाबाई आल्या. साठीच्या पुढच्या, कपाशीची वेचणी सोडून बसनं आलेल्या. त्यांच्या वडिलांनी कुस्तीत पहिलं बक्षीस मिळवलं होतं आणि ते पेपरात आलं होतं, एवढं त्यांना माहीत होतं. दीपालीनं नाव टाकलं, बळीराम काळबांडे. काहीच सापडलं नाही. पुन्हा टाकलं. नाही. शेवटी आम्ही वर्ष विचारून फोटोतली पानं डोळ्यांनी बघत गेलो, तर तिसऱ्या पानावर ठळक छापलेलं होतं, बळीराम काळबांडे, मौजा अमुक. आणि कॉम्प्युटरनं तयार केलेल्या मजकुरात होतं, बलीराम कालबांडे.

वच्छलाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. “माह्या बापाचं नाव कोनं बदललं?” त्या म्हणाल्या.

दीपालीनं आजूबाजूची पानं उघडली. शाळेची शाला झालेली. पोळ्याचा पोला. बक्षीस मिळालेचं मिलाले. ऑगस्टमधली पानं काढली, तर त्यात ळ जागच्या जागी होता. सप्टेंबरच्या मध्यापासून मात्र तीनशेच्या वर पानांत एकही ळ उरला नव्हता.

वाचनालयाचे सचिव केशवराव हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना आयुष्यभर एकच धास्ती, की हिंदीच्या राज्यात राहिलेली या बाजूची मराठी कोणीतरी हळूहळू पुसून राहिलं आहे. त्यांनी चष्मा वर करून ती पानं वाचली.

“मशीन चुकलं तर कुठंही चुकेल,” ते म्हणाले. “एकच अक्षर वेचून खाणार नाही. आणि कोणतं अक्षर? जे हिंदीत नाही तेच. हे माणसाचं काम आहे, दीपाली.”

दीपालीनं मान वळवून वाचनकक्षाकडे बघितलं. तिथे कुलदीप पेपर लावत होता.

कुलदीप आमच्याकडे सप्टेंबरातच लागला होता. परासियाकडचा, चाळिशी ओलांडलेला, घरची भाषा हिंदी. मराठी समजायचं, बोलताना अडखळायचा. काम नीट करायचा, पण एक गोष्ट आम्हा सगळ्यांनाच खटकली होती. दुपारी दीपाली व्हरांड्यात गेली, की तो कॉम्प्युटरपुढे येऊन बसायचा. त्याचं लॉगिन वेगळं होतं. आणि कोणी खोलीत आलं, की पडद्यावर जे असेल ते तो पटकन बंद करायचा.

“सप्टेंबरपासून तो आला, अन् सप्टेंबरपासून ळ गेला,” दीपाली मला म्हणाली. “ताई, हा योगायोग वाटते का तुम्हाला?”

मला वाटला नाही. तसं मी तिला सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी तिनं एक बिघडलेलं पान घेऊन स्वतःच्या हातानं प्रोग्रॅम चालवला. शाळा, पोळा, मिळाले, सगळं बरोबर आलं. तेच पान तिनं फोल्डरमध्ये ठेवलं आणि जेवायला गेली. परत आली तर शाला, पोला, मिलाले.

“मी समोर असली की बरोबर येते,” ती म्हणाली. “मी उठली की बिघडते. याचा अर्थ काय होते?”

तिनं पासवर्ड बदलला. फरक पडला नाही. मग तिनं वाती वळायचा कापूस आणला, त्याचा एक बारीक धागा काढून एका टोकाला गाठ मारली, तो कीबोर्डवर तिरपा ठेवला आणि डबा घेऊन गेली. परत आल्यावर धागा तिथेच होता. पण तिनं ठेवला तेव्हा त्याचं गाठीचं टोक डावीकडे होतं. आता ते उजवीकडे होतं. धागा पाडणारा माणूस तिला समजला असता. धागा उचलून परत ठेवणारा माणूस म्हणजे मुरलेला. दुसऱ्या दिवशीही तिनं धागा ठेवला.

तिनं केशवरावांना हे सांगितलं. केशवरावांनी कुलदीपला बोलावलं. मी तिथेच होते.

“दुपारी कॉम्प्युटरवर काय करत असता?”

“कुछ नाही सर. टायपिंग.”

“कसलं टायपिंग?”

“हिंदी,” कुलदीप म्हणाला.

त्या एका शब्दानंतर कोणी काही विचारलं नाही. पांढुर्ण्याला आमची एक छोटी शाखा आहे, दोन कपाटं आणि एक टेबल. सोमवारपासून कुलदीपनं तिकडे जायचं ठरलं. त्यानं कारण विचारलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पिशवी घेतली आणि गेला. दीपालीनं त्याच्या किल्ल्या मोजून घेतल्या.

सोमवारी दुपारी दोन वाजता खोलीला कुलूप होतं आणि दोन्ही चाव्या दीपालीच्या पर्समध्ये होत्या. अडीच वाजता तिनं दार उघडलं. पहिल्याच ओळीत होतं, सौंसर शालेतील बक्षीस समारंभ.

ती माझ्या शाळेत आली, मधल्या सुट्टीत. तिचा चेहरा उतरला नव्हता, उलट जास्त घट्ट झाला होता. “तिसरा कोणी आहे,” ती म्हणाली. मंगळवारी ती डबा मांडीवर घेऊन पडद्यापुढेच बसली. कोणी आलं नाही. कीबोर्डला कोणाचं बोट लागलं नाही. दोन वाजून चार मिनिटांनी फायली आपोआप तयार होऊ लागल्या, आणि प्रत्येकीत ळ गायब.

आता तिच्या डोळ्यापुढे एकच नाव राहिलं. हे मशीन ज्यानं बांधलं, ज्याला त्याचे सगळे रस्ते माहीत होते, तो आशिष. नागपुरात बसून तो इंटरनेटवरून आत शिरत असेल. का शिरेल, हे तिला सांगता येईना. तिनं इंटरनेटची तार उपटली आणि बुधवारची वाट बघितली. बुधवारीही ळ गेला.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या, मी तिथेच होते. तिनं आशिषला फोन लावून स्पीकर सुरू केला. नमस्कार नाही, काही नाही.

“आशिषभाऊ, तुम्ही आमच्या मशीनमध्ये काही बदल केला का?”

“मी? मी तर एप्रिलपासून तिकडं आलोच नाही. काऊन, काय झालं?”

तिनं सांगितलं. तारीखवार, वेळेसकट.

“तार काढून पण तसंच होते?” आशिषनं विचारलं.

“तसंच.”

“मग मी तारेशिवाय कसा येईन, दीपाली? बरं, एक सांग. तू काही नवीन टाकलं का मशीनवर?”

“नाही,” ती लगेच म्हणाली.

“पक्कं?”

“मी काही टाकलं नाही.”

त्यांच्या दोघांच्या आवाजात तेव्हा सारखाच संशय होता, असं मला वाटलं. आशिष म्हणाला, “ठीक आहे. आपण मशीनलाच विचारू. आज्ञा लिहायची काळी खिडकी उघड. तुझ्या हातानं बरोबर येते अन् दोन वाजता चुकते, म्हणजे दोन वेळेस दोन वेगळे प्रोग्रॅम चालून राहिले असतील. लिही, विच. जागा सोड. रेघ, ए. मग प्रोग्रॅमचं नाव.”

तिनं लिहिलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. नाव एकच, पत्ते दोन.

“दोन आहेत,” ती हळू म्हणाली.

“दोन दिसायला पाहिजेतच. पहिला मी बांधलेला खरा. दुसऱ्या जागी मी फक्त पाटी लावून ठेवली होती, की खरा प्रोग्रॅम तिकडं आहे, तिकडं जा. दोन वाजताचं काम ती पाटी वाचून जाते. ती पाटीच आहे का बघ आता.”

त्यानं दुसरी आज्ञा सांगितली. पाटी नव्हती. तिथे अख्खा प्रोग्रॅम येऊन बसला होता.

आशिषनं श्वास सोडल्याचा आवाज आला. “आता विचारू, कोणता कुठून आला. लिनक्सवर वस्तू दोन तऱ्हेनं येते. एक म्हणजे पॅकेज. दुकानातल्या तिखटाच्या पुडीसारखं, वर नाव, तारीख, सगळं छापलेलं. मशीन त्याची नोंद ठेवते. दुसरं म्हणजे सोर्सपासून इथंच बांधलेलं. घरी कांडलेलं तिखट. त्याच्यावर चिठ्ठी नसते, मशीनच्या वहीत त्याचं नाव नसते. लिही, डीपीकेजी, जागा, रेघ, मोठा एस. मग पहिला पत्ता.”

उत्तर आलं, की ही फाइल कोणत्याच पॅकेजची नाही.

दीपाली खुर्चीत सरळ झाली. “याचा कोणी मालकच नाही. हाच तो.”

“नाही ना,” आशिष म्हणाला. “तोच आपला. घरचा आहे म्हणून चिठ्ठी नाही. आता दुसऱ्याला विचार.”

दुसऱ्यानं मात्र ताबडतोब आपल्या पॅकेजचं नाव सांगितलं. ज्याची कागदपत्रं पूर्ण होती, तोच बाहेरून आलेला होता. मग आशिषला त्याची स्वतःची चूक आठवली. दोन वाजताच्या कामासाठी मशीनला दिलेल्या सूचनांत त्यानंच लिहून ठेवलं होतं, की मराठी सापडली नाही तर हिंदी घे, काम थांबवू नको. बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमजवळ मराठी नव्हती. हिंदी होती, कारण मशीनची भाषा आम्ही हिंदी ठेवलेली. तो हिंदीच्या नजरेनं वाचत गेला. त्याला ळ ओळखता येत नव्हता, मग जवळचं दिसेल ते, ल, लिहून टाकायचा. आणि त्याला जागा करून देताना मशीननं आशिषची पाटी न विचारता पुसली होती, कारण पाटीवरही कोणत्या पॅकेजचं नाव नव्हतं.

“पण हे पॅकेज आलं कसं?” आशिष म्हणाला. “आपोआप येत नाही. कोणीतरी मागवलं. त्याची पण वही असते. तारीख, वेळ, अन् कोणाच्या लॉगिननं मागवलं ते नाव.”

“नाव पण?” दीपालीनं विचारलं.

“नाव पण.”

त्यानं सांगितलेली आज्ञा तिनं फार सावकाश लिहिली. एकेक अक्षर तपासून. मग बटण दाबलं. बारा सप्टेंबर, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. स्कॅनर चालवण्याचा एक प्रोग्रॅम मागवला. त्याच्यासोबत लागणाऱ्या चौदा वस्तू आपोआप आल्या, त्यांची यादी. त्यात तो बाहेरचा प्रोग्रॅमही. आणि खाली, मागवणाऱ्याचं नाव, दीपाली.

आशिष फोनवर दोनदा हॅलो म्हणाला.

“माझं लॉगिन कोणीतरी वापरलं,” दीपाली म्हणाली. पण ते म्हणता म्हणताच ती उठली आणि कपाटातून हजेरीचं रजिस्टर काढून आणलं. तिनं पान उलटलं आणि बोट ठेवलं. कुलदीपची पहिली सही पंधरा सप्टेंबरची होती, सोमवारची. त्याआधीच्या शुक्रवारी त्यानं या इमारतीत पायसुद्धा ठेवला नव्हता. तिनं शुक्रवारची, बारा तारखेची पानं उघडली. शाला. शनिवारची उघडली. शाला. सप्टेंबरच्या मध्यापासून, सप्टेंबरच्या मध्यापासून, असं आम्ही पंधरा दिवस म्हणत होतो, आणि एकानंही नेमकी तारीख बघितली नव्हती.

मग तिला आठवलं. त्या शुक्रवारी पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं दान दिलेला नवा स्कॅनर आला होता. तो चालेना, म्हणून तिनं त्याचा प्रोग्रॅम शोधून टाकला. मशीननं एक लांब यादी दाखवून हो की नाही विचारलं होतं.

“मी हो म्हटलं,” ती म्हणाली. “वाचलं नाही.”

“अर्धी चूक माझी आहे,” फोनवरून आशिष म्हणाला. “ते हिंदीचं मीच लिहून ठेवलं होतं.” दोन वाजताच्या कामाच्या सूचनांत खऱ्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता कसा लिहायचा, तेवढं विचारून दीपालीनं फोन ठेवला. हिंदीची ओळही काढली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती पुन्हा पडद्यापुढे बसली आणि पहिल्या पानावर शाळा आली, बक्षीस मिळाले आलं. ती उठली नाही, सगळी पानं संपेपर्यंत एकेक ळ तपासत राहिली. बिघडलेली पानं पुन्हा करून घ्यायला पुढचे दोन दिवस गेले. वच्छलाबाईंच्या वडिलांचं पान छापून त्यांना पोस्टानं पाठवलं.

केशवरावांना सांगायला आम्ही दोघी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “झालं ते झालं. आता त्याला सांगून काय फायदा? उगाच डोक्यावर बसेल. आणि शेवटी हिंदीचाच प्रोग्रॅम घुसला होता ना? माझा अंदाज फार चुकला नाही.”

“सर, तो मी घुसवला,” दीपाली म्हणाली.

शनिवारी सकाळच्या बसनं आम्ही पांढुर्ण्याला गेलो. कुलदीप कपाटाच्या काचा पुसत होता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभाच राहिला. दीपालीनं मशीनच्या वहीतला तो तारीख-नावाचा उतारा छापून आणला होता. तो टेबलावर ठेवून ती सगळं बोलली, काही न वगळता, पासवर्डापासून धाग्यापर्यंत.

“धागा मला दिसला होता, मॅडम,” कुलदीप म्हणाला. “पहिल्या दिवशी मला वाटलं पूजेचा वगैरे आहे. उचलून बाजूला ठेवला अन् जाताना परत ठेवला. दुसऱ्या दिवशी परत दिसला, तेव्हा समजलं. तुम्ही माझ्यावर नजर ठेवून राहिल्या. मग मी डब्बा पण बाहेर ओट्यावर खायला लागलो.”

“पण तुम्ही पडद्यावरची खिडकी बंद काऊन करत होते?” मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या टायपिंगच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. एक्केचाळीस वर्षांच्या माणसानं पोरांसोबत तिसऱ्यांदा बसायचं, याची त्याला लाज वाटायची. दुपारी तो सराव करायचा, एवढंच.

“तेव्हा सांगितलं असतं तर,” मी म्हणाले.

“सांगितलं ना मॅडम. हिंदी टायपिंग करतो म्हणून सांगितलं.”

दीपाली म्हणाली, “मी वाचनालयाच्या समितीला लिहून देते. माझी चूक, माझ्या नावानं.”

मला वाटलं तो म्हणेल, राहू द्या, कशाला. तो म्हणाला, “लिहून द्या.”

तिनं तिथेच बसून आखीव कागदावर दीड पान लिहिलं. कुलदीपनं ते वाचायला घेतलं, मराठी होतं म्हणून हळूहळू, ओठ हलवत. एका ठिकाणी थांबून त्यानं विचारलं, “इथं ‘गैरसमज’ लिहिलं आहे. ते बरोबर आहे का?” दीपालीनं तो शब्द खोडून ‘खोटा आरोप’ असं लिहिलं. खाली तिनं सही केली. मग मीही केली, कारण केशवरावांच्या खोलीत त्या दिवशी मीही होते.

समितीच्या बैठकीत ते पत्र वाचलं गेलं आणि इतिवृत्ताला जोडलं गेलं. केशवराव महिनाभर दीपालीशी कामापुरतंच बोलले. कुलदीपला सौंसरला परत येण्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला पांढुर्णाच बरं आहे, तिथे दुपारी शांतता असते. त्याच्या मनात काय होतं ते दीपालीनं बरेच दिवस शोधून बघितलं आणि मग शोधणं सोडलं. कामासाठी दोघांचा फोन होतो. जास्त बोलणं होत नाही.

सौंसरच्या खोलीत आता कॉम्प्युटरच्या वर भिंतीला एक रजिस्टर टांगलेलं आहे. मशीनवर जे जे पॅकेज येतं, त्याचं नाव, तारीख, सोबत काय काय आलं, आणि शेवटी सही. सोर्सपासून बांधलेल्या वस्तूंसाठी मागची चार पानं वेगळी ठेवली आहेत, कारण त्यांची नोंद मशीन ठेवत नाही. दर महिन्याला दीपाली त्याची प्रत पांढुर्ण्याला पाठवते. नवीन वाचक कधी कधी ते रजिस्टर उघडतात, नवीन पुस्तकांची यादी समजून, आणि सह्या बघून कोणतं पुस्तक कोणाचं आहे ते विचारतात.